फितीवरची झिजलेली जागा

कॅसेटची नक्कल काढणारा माणूस ती कॅसेट ऐकत नाही, असे मी सांगितले की ग्राहक हसत. त्यांना वाटे, हा दिवसभर फुकटात गाणी ऐकत बसतो. प्रत्यक्षात माझे यंत्र मूळ कॅसेट नेहमीच्या कितीतरी पट वेगाने फिरवी आणि तिच्या दोन्ही बाजू एकदमच उतरवून घेई, एक सुलटी आणि दुसरी उलटी. त्या वेगात भजन, कव्वाली, लग्नातली भाषणे या सगळ्यांचा एकच चिवचिवाट होतो. म्हणून आम्ही यंत्राचा आवाज बंदच ठेवत असू. नक्कल तयार झाली की ती साध्या टेपरेकॉर्डरवर लावायची, सुरुवातीचे मिनिटभर ऐकायचे आणि आवाज स्वच्छ असला की डबीत घालून द्यायची. सुरुवात नीट तर पुढचे सगळे नीट, असा आमच्या धंद्यातला विश्वास होता, आणि धंद्यापुरता तो खराही होता.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मीरा रोडच्या पूर्वेला मी हे दुकान थाटले. नव्या इमारती भराभर उठत होत्या. त्यांच्या मागे मिठागरे होती आणि तिकडून येणारा खारा वारा यंत्रांना मानवत नसे. रोज सकाळी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून मी यंत्रांची डोकी, म्हणजे फीत जिथे घासून जाते ते भाग, पुसत असे. माझी पत्नी जैनब डबा घेऊन आली की म्हणे, "एवढ्या मायेनं कधी घरातला पंखा पुसलात तर घर उजळेल." आम्ही कोकणातले मुसलमान. शाळा मराठी, घरची बोली मराठी, नमाज अरबीत आणि गिऱ्हाइकाशी हिंदी. दुकान चालवायला एवढी सामग्री पुरेशी होती.

गिऱ्हाइके मात्र नाना तऱ्हांची. भाईंदर गावातला एक वयस्कर कोळी मुलीच्या हळदीला म्हटलेल्या गाण्यांची कॅसेट घेऊन आला होता. तो म्हणाला, "यान माजे आयचा आवाज हाय. तेवडा मोटा कर. बाकीच्या बायका न्हाय आयकू आल्या तरी चालंल." मी समजावले, की बाबा, सगळ्या बायका एकाच फितीवर आहेत, एकीला वेगळी काढता येत नाही. तो माझ्या यंत्राकडे फार कीव करून पाहत राहिला. दुसरे गृहस्थ भाईंदर पूर्वेचे, सरकारी कचेरीत कारकून. वडिलांनी म्हटलेल्या अभंगांत मध्येमध्ये खोकल्याची उबळ होती, ती त्यांना काढून हवी होती. मी फीत कापून, जोडून, फार कौशल्याने खोकला काढला. आठवड्याने ते परत आले आणि ओशाळून म्हणाले, "अन्वरभाई, तो खोकला परत घालता येईल का? आई म्हणते, हे कोणी परकेच गातंय."

आणखी एक गोष्ट या धंद्यात शिकलो, ती पुढच्या हकिगतीसाठी सांगायला हवी. माणूस कॅसेटमधली एकच जागा पुन्हा पुन्हा मागे नेऊन ऐकत असेल, तर तेवढ्या जागी फीत झिजते. तिची चकाकी जाते, कडा दुमडतात आणि शेवटी ती तिथेच यंत्रात अडकते. दुरुस्तीला आलेली कॅसेट उघडली की तिच्या मालकाचे मन कुठे गुंतले आहे ते मला न विचारता कळे. बहुतेकदा ते एखाद्या गाण्याच्या कडव्यात गुंतलेले असे.

मुंबईतल्या दंगलींनंतर मीरा रोडला माणसांची रीघ लागली. ट्रंका, शिलाई मशिने, दोरीने बांधलेल्या गाद्या घेऊन कुटुंबे येत होती. जैनबचा धाकटा भाऊ सलीम असाच आमच्याकडे आला, पण त्याच्याजवळ काहीच सामान नव्हते. मुंबईत एका चाळीच्या तळमजल्यावर त्याचे फोटोंना चौकटी करून देण्याचे दुकान होते. ते जळाले, त्याच्यासमोर जळाले. सलीम पूर्वी जेवता जेवता नकला करून सगळ्यांना हसवणारा मुलगा. आता तो ताटावरून मुकाट्याने उठे. एकच वाक्य तो कधीकधी मला, त्याच्या दुलाभाईला म्हणजे बहिणीच्या नवऱ्याला, ऐकवी. "पेडणेकरकाका गॅलरीत उभे होते, दुलाभाई. सगळं बघत उभे होते." पेडणेकर हे वरच्या मजल्यावरचे शेजारी. सलीमच्या दुकानातल्या स्टुलावर बसून रोज सकाळी वर्तमानपत्र वाचायचे.

त्याच सुमारास नासिर नावाचा एक माणूस दुकानात येऊ लागला. स्वच्छ पांढरा कुर्ता, मृदू बोलणे. कोणा फिरत्या वक्त्याची कॅसेट त्याने आणली होती. "भाईजान, मशीन तो औरों के पास भी है," तो म्हणाला, "लेकिन आप नमाज़ी आदमी हैं. ये काम आप ही के हाथ से हो." या वाक्याने मी किती सुखावलो होतो हे आज आठवले की मान खाली जाते. मी कॅसेट लावली आणि सवयीप्रमाणे मिनिटभर ऐकली. आईची सेवा कशी करावी, याविषयी वक्ता फार गोड आवाजात बोलत होता. मी भरपूर नकला काढून दिल्या आणि मजुरी घेतली नाही. सवाब, म्हणजे पुण्य, पदरी पडेल असे वाटले. एक नक्कल घरीही नेली. सलीमला बरे वाटेल, म्हणून त्याच्या हातात मीच ती ठेवली.

काही आठवड्यांनी सलीमच ती कॅसेट घेऊन दुकानात आला. "दुलाभाई, टेप अडकली. जरा लवकर करून द्या."

"एवढी घाई?"

"हो, जरा पाहिजे होती."

तो चहा सांगायला गेला आणि मी स्क्रू काढून कॅसेट उघडली. फीत एका ठिकाणी पार पिचली होती. चकाकी गेलेली, कडा दुमडलेल्या. झीज फितीच्या ज्या अर्ध्या पट्टीत जास्त होती ती पहिल्या बाजूची नव्हती. खराब तुकडा जेमतेम बोटभर होता. तो कापून मी जोड दिला, दुसरी बाजू लावली आणि जोड नीट बसला आहे का हे पाहण्यासाठी थोडे अलीकडून ऐकू लागलो.

आवाज तोच होता, तेवढाच गोड. वक्त्याने कुरआनातली एक आयत, म्हणजे वचन, सुरू केली. आपल्याशी लढायला आलेल्यांशी लढण्याविषयीची ती आयत लहानपणी मक्तबमध्ये, म्हणजे मशिदीतल्या शाळेत, आम्ही सगळ्यांनी पाठ केलेली. तिच्या पुढच्या भागात हद्द ओलांडू नका अशी स्पष्ट ताकीद आहे. वक्ता त्या ताकिदीच्या आधीच थांबला. मग त्याने सांगितले, की तुमचे घर जळताना जो शेजारी पाहत उभा राहिला तो जाळणाऱ्याइतकाच गुन्हेगार आहे. त्याला शिक्षा देणे हे तुमच्यावर कर्तव्य आहे आणि ती देणाऱ्याची जागा जन्नतमध्ये राखलेली आहे.

मी यंत्र बंद केले. सलीम पुन्हा पुन्हा मागे नेऊन काय ऐकत होता ते आता मला ठाऊक झाले होते. चहा घेऊन तो आला तेव्हा मी म्हणालो, "सुटा भाग मिळत नाहीये, उद्या देतो." तो नाराज झाला. मला त्याच्याकडे पाहवेना.

अशा कॅसेट तेव्हा दंगलीतल्या दुसऱ्या पक्षाकडूनही निघत होत्या, हे मी जाणून होतो. पण त्या माझ्या यंत्रातून निघाल्या नव्हत्या. मला सर्वांत जास्त लागले ते हे, की पहिल्या बाजूवर त्या माणसाने जे सांगितले होते ते सगळे खरे होते. माझ्या आईने मला तेच शिकवले होते. त्या खऱ्या गोष्टींवर विश्वास ठेवून कोणीही कॅसेट उलटली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमच्या मशिदीच्या मौलवीसाहेबांना दुकानात बोलावले आणि ही कॅसेट सलीम ऐकतो हे सांगितले. ते रत्नागिरीकडचे, सत्तरी गाठलेले, अख्खे कुरआन मुखोद्गत असलेले. बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून मी त्यांच्या टोपीवरून हेडफोन चढवला. असला प्रकार त्यांनी पूर्वी कधी वापरला नव्हता. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे ते एकदम ओरडले, "अन्वर, याला चहा पाज रे! बोलून बोलून दमला असेल बिचारा!" शेजारचा पानवालासुद्धा डोकावून गेला. मग मात्र ते डोळे मिटून ऐकू लागले. ऐकून झाल्यावर त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"आयत अर्धी सोडलीन यानं," ते म्हणाले.

"विसरला असेल का?"

"विसरणारा अडखळतो. हा कुठं थांबायचं ते ठरवून आलेला आहे." मग त्यांनी विचारले, "तुझ्या मेव्हण्याचा कोण शेजारी?"

मी पेडणेकरांविषयी सांगितले.

त्या दुपारी मौलवीसाहेब आमच्याकडे जेवायला आले. जैनबला मी सगळे सांगितले होते. ती वाढत होती, पण तिचे लक्ष भावावरून हलत नव्हते. मौलवीसाहेबांनी आमटीचे कौतुक केले, सोलकढी मागून घेतली आणि मग सहज म्हणाले, "सलीम, दुकान जळलं ते विसर, असं सांगायला मी आलेलो नाही. माझं जळलं असतं तर मीही विसरलो नसतो. पण त्या पेडणेकराला तू विचारलंस का?"

सलीमने माझ्याकडे पाहिले. कॅसेटचे काय झाले ते त्याला कळले असावे. "काय विचारायचं? मी डोळ्यांनी बघितलंय."

"काजीसमोर चोर उभा केला तरी त्याचं म्हणणं ऐकून घेतात बाबा. इथं साक्षीदार तू, काजी तू, आणि जल्लादही तूच. एवढी माणसं एका सलीममध्ये मावली कशी?"

"त्या कॅसेटमध्ये आयत आहे, मौलवीसाहेब. माझ्या मनचं नाही ते."

"म्हणून दाखव."

सलीमने ती आयत म्हटली आणि वक्ता थांबला होता तिथेच तो थांबला.

"पुढे?"

सलीमने ताटातला भात चिवडला.

"मक्तबमध्ये अर्ध्यात थांबलास तर उस्ताद काय करायचे? कान कुठला धरायचे, डावा की उजवा?" मौलवीसाहेबांच्या आवाजात राग अजिबात नव्हता. "पुढचं म्हण, बाळा. तुला येतंय."

त्याला येत होते. खालच्या आवाजात त्याने उरलेली आयत पुरी केली. शेवटचे शब्द, हद्द ओलांडणाऱ्यांना अल्लाह पसंत करीत नाही या अर्थाचे, त्याच्या तोंडून नीट फुटेनात. मग त्याने स्वतःहून सांगितले, की तो नासिरच्या बैठकींना जात होता, आणि पेडणेकरही मुंबई सोडून भाईंदर पूर्वेला राहायला आले आहेत. बाजारात ते दिसले तेव्हा त्याने मागोमाग जाऊन इमारत पाहून ठेवली आहे. आणि कितीतरी संध्याकाळी तो त्या इमारतीखाली उभा राहिला आहे.

"खिशात काय असायचं?" मौलवीसाहेबांनी विचारले.

"पुठ्ठा कापायचा कटर."

जैनबच्या हातातला डाव भांड्यात पडला. ती रडली नाही. तिने भावाच्या पाठीत एक जोरदार धपाटा घातला आणि म्हणाली, "आणि रोज येऊन माझ्या हातचं जेवत होतास?"

त्याच संध्याकाळी आम्ही तिघे पेडणेकरांकडे गेलो. कटर जैनबने काढून घेतला होता. तरीही जिना चढताना मी सलीमच्या पुढे राहिलो. दार साखळीपुरते उघडले. आत पेडणेकर, माझ्या कल्पनेपेक्षा फार म्हातारे. सलीमला पाहताच त्यांचा चेहरा पांढरा पडला. माझी दाढी आणि मौलवीसाहेबांचा अंगरखा पाहून तो आणखी पांढरा पडला असेल, तर त्यांना दोष कसा द्यावा?

मौलवीसाहेब म्हणाले, "घाबरू नका. हा पोरगा तुम्हाला एक प्रश्न विचारायला आलाय. आम्ही याच्या सोबतीला आलोय."

साखळी निघाली. कोणी बसले नाही. सलीमने विचारले, "काका, माझं दुकान जळताना तुम्ही गॅलरीत होतात ना?"

मला वाटले, ते नाही म्हणतील. देवा, यांनी नाही म्हणू नये, एवढेच माझ्या मनात होते. कारण मग सलीमचे पुढे काय झाले असते ते मला सांगता येत नाही.

"होतो," पेडणेकर म्हणाले. "सगळं बघितलं. त्यातली दोन पोरं मी ओळखतही होतो. हाक मारली असती तर कदाचित थांबलीही असती. नाही मारली. घाबरलो रे सलीम. दुसरं काही कारण नाही."

आतून त्यांच्या पत्नी पुढे आल्या. "त्यांना काय विचारतोस? मला विचार. जिन्याच्या दाराला कडी मीच घातली. म्हटलं, खाली गेलात तर तुम्हालाही टाकतील त्या आगीत. शिव्या द्यायच्या असतील तर मला दे."

सलीमने दोघांकडे पाहिले. मग खालीच जमिनीवर बसला आणि ढसाढसा रडू लागला. पेडणेकरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवायला पुढे केला, अर्ध्यात मागे घेतला आणि पुन्हा पुढे करून ठेवला. सलीमने तो झटकला नाही. त्याने त्यांना माफ केले असे मी म्हणणार नाही. तसे तो बोलला नाही आणि मीही त्याला कधी विचारले नाही. काकूंनी चहा टाकला. मौलवीसाहेब त्यांना म्हणाले, "साखर जरा जास्त घाला, या पोरानं दुपारी नीट जेवण केलेलं नाही."

परतताना रिक्षा न करता आम्ही चालतच निघालो. माझ्या छातीवरचे ओझे उतरले होते, इतके की समोरून येणाऱ्या प्रत्येक अनोळखी माणसाला सलाम करावासा वाटत होता. वाटेत सलीम म्हणाला, "भूक लागलीय." एवढे साधे वाक्य. मी आणि मौलवीसाहेबांनी एकमेकांकडे पाहिले.

पुढच्या शुक्रवारी मौलवीसाहेबांनी खुतब्यात, म्हणजे नमाजाआधीच्या प्रवचनात, कॅसेटचा विषय काढला. जो आयत अर्ध्यात सोडतो त्याला उरलेली म्हणायला लावा, एवढेच त्यांनी सांगितले. त्या वक्त्याची सभा ठरली होती, ती वस्तीतल्या वडीलधाऱ्यांनी होऊ दिली नाही, आणि ते मौलवीसाहेबांना घेऊन चौकीतही सांगून आले. मी त्यांच्याबरोबर गेलो नाही. यंत्र माझे होते, नाव माझे निघेल, अशी भीती वाटली. त्या दिवशी दुकानात बसून मला पेडणेकरांची आठवण येत राहिली. तेही असेच गॅलरीत उभे राहिले असतील.

मात्र नकला परत मिळवायला मी घरोघर फिरलो. "फीत खराब निघाली, बदलून देतो," असे सांगे. बऱ्याच मिळाल्या. त्यांवर मी मौलवीसाहेबांचे पठण उतरवले, त्या आयतीसकट, पूर्ण. काही मिळाल्या नाहीत. त्या कोणाच्या घरी गेल्या, कोणी किती वेळा ऐकल्या, हे मला आजही ठाऊक नाही. दंगलीची किंवा खुनाची एखादी बातमी वाचली की पहिला विचार त्यांचाच येतो. त्यानंतर मी प्रत्येक कॅसेट अथपासून इतिपर्यंत ऐकल्याशिवाय यंत्रात घातली नाही. काम अर्थातच मंदावले. जैनब म्हणे, "आता खरंच दिवसभर गाणी ऐकत बसता."

नासिर पुन्हा आला तो नवी कॅसेट घेऊनच. दुकानात मी आणि सलीम होतो. तो तेव्हा दुरुस्तीची कामे शिकत होता. मी म्हणालो, "हे काम मी करणार नाही." माझा आवाज फारसा निघाला नाही. नासिरने माझ्याकडे दुर्लक्ष केले आणि सलीमकडे वळला.

"क्यों सलीम, बैठक में आते नहीं आजकल? पड़ोसी खड़ा तमाशा देख रहा था, भूल गये?"

सलीम हातातला स्क्रूड्रायव्हर खाली न ठेवता म्हणाला, "भूला नहीं. जाके पूछ आया."

"क्या पूछ आया?"

"जो पूछना था. जवाब भी मिला. तुम किसी से पूछे कभी?"

नासिरने काउंटरवरची कॅसेट उचलली आणि तो पायऱ्या उतरून निघून गेला. पुढे तो आमच्या गल्लीत दिसला नाही.

मी काउंटरला धरून उभा होतो. सलीमने वळून पाहिले.

"दुलाभाई, काउंटर सोडा आता, गेला तो. बसा जरा," तो म्हणाला, आणि माझ्यासाठी पाणी आणायला आत गेला.